भावासाठी व्हीलचेअर हवी, मदत कुठून मिळेल? (खानापूर तालुका, जि. बेळगाव)

जांबोटीकर: नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ कौलं परतताना पडला, मणक्याला मार बसून कमरेखालची ताकद गेली. हात दणकट आहेत. दिव्यांगांचं ओळखपत्र, म्हणजे युडीआयडी कार्ड, झालंय. बजेट १५ हजार, त्याच्या वर आमच्याच्यानं होत नाही. अनुदान किंवा ट्रस्टची मदत कुठं मिळते? सगळीकडं विचारूलोय, प्रत्येक जण वेगळंच सांगतोय.

वडगाव_बेळगाव: बॅटरीचीच घे भावा. आमच्या काकांची सव्वा लाखाची आहे, बटण दाबलं की गल्लीच्या टोकाला. स्वस्तातली घेशील तर पस्तावशील.

निपाणी_वैनी: बजेट लिहिलंय की त्यांनी! दादा, दिव्यांगांना साधनं देणारी केंद्राची एडीआयपी योजना बघा. दिव्यांगत्व ४० टक्के आणि महिन्याचं उत्पन्न २२,५०० पर्यंत असेल तर साधन फुकट. उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीत (महसूल खात्याच्या कचेरीत) काढा, अलिम्कोचं (साधनं बनवणाऱ्या केंद्राच्या कंपनीचं) तपासणी शिबिर लागलं की नाव घाला.

सीमावासी_८६५: आपली गावं महाराष्ट्र हक्क सांगतो त्या सीमाभागातल्या ८६५ मधली. महाराष्ट्राकडून का घेत नाही? अर्जासाठी कन्नड येणाऱ्याच्या मागं किती फिरायचं?

निपाणी_वैनी: ८६५ गावांना महाराष्ट्रानं दिलीय ती महात्मा फुले आरोग्य योजना, दवाखान्यातल्या उपचारासाठी. खुर्ची नाही त्यात.

सीमावासी_८६५: प्रश्न हक्काचा आहे वैनी.

येळ्ळूरचा_गडी: मी स्वतः खुर्चीवर आहे. फुकट मिळेल ती उचलू नका. एडीआयपीतून एकदा घेतली की तीन वर्षं तीच वस्तू परत मिळत नाही. मला एका मंडळानं स्टेजवर हार घालून १८ इंच रुंद बैठकीची दिली, माझं माप १६. एका अंगावर कलून बसून खुब्याला जखम झाली, आख्खा पावसाळा पालथं पडून काढला. कमरेखाली कळतच नाही, रक्त चड्डीला लागलं तेव्हा घरच्यांना दिसलं. आधी खुर्चीत बसायची चांगली गादी घ्या. दर १५-२० मिनिटांनी हातावर अंग उचलायची सवय लावा. ग्रामपंचायतीत दिव्यांगांसाठी ५ टक्के निधी असतो, पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) लेखी अर्ज देऊन पोच घ्या.

वडगाव_बेळगाव: गादी बॅटरीच्या खुर्चीवर पण बसते.

चिकोडी_सर: एडीआयपी बघा, फुकट मिळते. खासदार निधीतूनही बॅटरीची देता येते. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी सुरू केलेली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही दिव्यांगांसाठीची संस्था आहे, एकदा भेटून या.

जांबोटीकर: सगळ्यांचे आभार. भाऊ म्हणतोय बॅटरी नको, हात चालतात तोवर चाक मीच फिरवणार. आमच्याकडं पावसात लाईटचा भरवसा नाही. शिबिराची वाट बघत तो अंथरुणात पडून राहणार, तेही बघवत नाही. ओळखीत एक वापरलेली १६ इंची मिळतेय, तीच घेतो. उरलेल्या पैशात गादी, आणि न्हाणीचा उंबरा काढून दार रुंद करतो. पंचायतीत अर्ज तेवढा देतो.

वडगाव_बेळगाव: वापरलेली? नको रे.

येळ्ळूरचा_गडी: घे, पण भावाला बसवून बघ. मांडीच्या दोन्ही बाजूंना बोटभर जागा राहायला पाहिजे. ब्रेक दोन्हीकडचे लागतात का आणि पायपाटी वर-खाली होते का, तेही बघ.