पीसीओडी, सातवा आठवडा आणि मेटफॉर्मिन: बंद करू की चालू ठेवू?

पंचगंगा_९३ (इचलकरंजी)

मैत्रिणींनो, नमस्कार. वर्षभर इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय.

वय ३१, लग्नाला साडेचार वर्षं. पीसीओडी आहे, म्हणजे अंडाशयातून अंडं नियमित न सुटण्याचा त्रास, पीसीओएस म्हणतात तोच. पाळी कॉलेजपासूनच पन्नास-साठ दिवसांनी यायची. हनुवटीवर राठ केस, वजन ७४ किलो, उंची पाच फूट एक इंच. यंदा कोल्हापूरच्या डॉक्टरांकडे उपचार सुरू केले. मेटफॉर्मिन, म्हणजे शुगरवर देतात ती गोळी, ५०० मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, आणि पाळीच्या तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस अंडं तयार व्हायला लेट्रोझोल. पहिले दोन महिने अंडं फुटलंच नाही. तिसऱ्या महिन्यात सोळाव्या दिवशी फुटलं आणि दिवस राहिले. परवा सोनोग्राफी झाली, सहा आठवडे पाच दिवस. पडद्यावर तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी लुकलुकत होतं. ह्यांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी मनगटात रुतली.

आता अडचण सांगते. बाळंतपणासाठी घराजवळच्या मॅडमकडे नाव घातलं. त्यांनी फाइल पाहिली आणि म्हणाल्या, मेटफॉर्मिन आजपासून बंद, दिवस राहिले, तिचं काम संपलं. कोल्हापूरचे डॉक्टर फोनवर म्हणाले, तीन महिने भरेपर्यंत अजिबात बंद करायची नाही. दोघंही अनुभवी आहेत. चार दिवस झाले, जेवण झालं की पाकीट हातात घेते आणि कधी गोळी घेते, कधी तशीच परत ठेवते.

त्यात नणंदेने मेसेज पाठवला की लेट्रोझोलवर सरकारने बंदी घातली होती, त्याने बाळात व्यंग होतं. तेव्हापासून झोप नाही. ह्यांना सांगितलेलंही नाही.

आणि गौरी-गणपती आठवड्यावर आलेत. आमच्या आई फार मायेने करतात, पण "आता दोन जिवांचं खा" म्हणून ताटात वाढतच राहतात. मी त्यांना काय सांगू? कुणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा.

औषधपेटी (सातारा)

ताई, अभिनंदन. माझं मेडिकलचं दुकान आहे, फार्मसी शिकलोय, डॉक्टर नाही. तरी लेट्रोझोलबद्दल खात्रीने सांगू शकतो, कारण बंदी आली तेव्हा मी काउंटरवरच होतो.

बंदी आली होती हे खरं. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र सरकारने वंध्यत्वासाठी हे औषध वापरायला मनाई केली. २०१७ मध्ये ती उठवली. मेसेजमध्ये हा दुसरा भाग कुणी लिहीत नाही. भीतीचं मूळ २००५ साली कॅनडातल्या एका परिषदेत मांडलेल्या छोट्या निबंधात होतं. पुढच्याच वर्षी तिथल्याच डॉक्टरांनी ९११ बाळांची नोंद तपासली, तेव्हा लेट्रोझोलमुळे व्यंग वाढल्याचं दिसलं नाही. आज पीसीओएसमध्ये अंडं तयार होण्यासाठी पहिलं औषध म्हणून जगभर हेच देतात.

आणखी एक हिशेब करून बघा. तुम्ही गोळी घेतली तिसऱ्या ते सातव्या दिवशी. शरीरातलं तिचं प्रमाण साधारण दोन दिवसांत निम्मं होतं, मग पुढच्या दोन दिवसांत त्याच्याही निम्मं. तुमचं अंडं फुटलं सोळाव्या दिवशी. बाळ गर्भाशयात रुजेपर्यंत त्या औषधाचं जवळपास काही उरलेलं नव्हतं. हे साहेबांनाही सांगा, एकट्याने ओझं वाहू नका.

फक्त एक विचारतो. केसांसाठी किंवा पुरळासाठी त्वचेच्या डॉक्टरांची काही गोळी चालू आहे का? स्पायरोनोलॅक्टोन नावाची असेल तर ती गरोदरपणात चालत नाही. आजच डॉक्टरांना दाखवा.

अबोली (नाशिक)

पंचगंगा, तुझं पाकिटाचं वाचलं आणि माझ्या पोटात कालवलं. मी दोनदा यातून गेलेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तुझ्या मूळ प्रश्नाचं. दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतात कारण या गोळीबाबत खरोखरच दोन बाजू आहेत, एक जण चुकतोय असं नाही. गर्भपात टळेल या आशेने पहिले तीन महिने ती चालू ठेवायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. नॉर्वेच्या डॉक्टरांनी पीसीओएस असलेल्या बायकांना पहिल्या तिमाहीपासून बाळंतपणापर्यंत रोज दोन हजार मिलिग्रॅम देऊन पाहिलं. गरोदरपणातला मधुमेह काही त्याने टळला नाही. उशिरा होणारे गर्भपात आणि वेळेआधीची बाळंतपणं थोडी कमी झाल्यासारखी दिसली. पण औषध वारेतून बाळापर्यंत जातं, आणि त्यातली मुलं चार वर्षांची झाली तेव्हा त्यांची वजनं थोडी जास्त भरली. व्यंग वाढलेलं दिसलं नाही, हे मुद्दाम सांगते. म्हणून २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात सरसकट सगळ्यांना देऊ नका, वेळेआधी बाळंतपणाचा धोका असेल अशा ठिकाणी विचार करा, असं आहे. तेव्हा दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी फोनवर बोलायला लाव. सरळ सांग, माझ्यासमोर बोला. डॉक्टर बोलतात गं, आपणच भिडेपोटी विचारत नाही. तोवर एक दिवस घेतली, एक दिवस नाही, असं मात्र करू नकोस.

पण मला तुला सांगायचंय ते वेगळंच आहे. तुझ्या सगळ्या लिहिण्यात शुगरच्या तपासणीचा शब्द नाही. झाली आहे का?

माझी झाली नव्हती. पहिल्या वेळी, २०१९ मध्ये, दिवस राहिल्यावर मलाही हेच सांगितलं, "आता पीसीओडी विसरा." मी विसरले. उपाशीपोटीची एक शुगर बरी आली, तेवढ्यावर सगळे गप्प बसले. ग्लुकोज पिऊन करायची तपासणी झाली ती थेट अठ्ठाविसाव्या आठवड्यात, आणि दोन तासांनंतरचा आकडा आला १९१. मधल्या काळात मी हापूसच्या दोन पेट्या संपवल्या होत्या, कारण सगळे म्हणत होते डोहाळे आहेत, पुरवा. शेवटी इन्सुलिन लागलं. लेक ३ किलो ९०० ग्रॅमची, सिझेरियन, आणि जन्मल्यावर तिची शुगर एकदम खाली गेली म्हणून दोन दिवस काचेच्या पेटीत. मला तिला हातात घेता आलं नाही. टाचेवर टोचून टोचून निळं झालेलं दिसत होतं. ज्या दवाखान्यात हे झालं तिथे नंतर विचारलं, तपासणी आधी का नाही केली, तर म्हणाले तुम्ही काही बोलला नाहीत. पीसीओडी फाइलच्या पहिल्या पानावर लिहिलेलं होतं.

शरीर इन्सुलिनला नीट जुमानत नाही, हा पीसीओडीचा बराचसा गाभा आहे. वार तयार झाली की तिची संप्रेरकं हे जुमानणं अजून कमी करतात. म्हणजे दिवस राहिल्यावर आपलं दुखणं थांबत नाही, त्याच्यावरचा भार वाढतो. म्हणून आपल्यासारख्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी दिवस राहण्याआधीच, नाही झाली तर पहिल्या भेटीत, आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या मधे करायची असते. सरकारी दवाखान्यातसुद्धा प्रत्येक गरोदर बाईची दोनदा करायची असा नियम आहे. तिथे दोन तासांनंतर १४० किंवा वर आली की मधुमेह धरतात.

दुसऱ्या वेळी मी आठव्या आठवड्यातच करून घेतली. आकडा १४६. घाबरले, पण वेळ हातात होता. घरी ग्लुकोमीटर आणला, उपाशीपोटी ९५ च्या खाली आणि जेवल्यावर दोन तासांनी १२० च्या खाली ठेवायचं. वहीच घातली. त्या वहीने मला जे शिकवलं ते कुठल्या तक्त्याने शिकवलं नाही. तांदळाची खिचडी १४८. तेवढ्याच भुकेला बाजरीची भाकरी, मेथी आणि वाटीभर मटकी, ११४. साबुदाण्याच्या उपासाला १६३, त्या दिवसापासून उपास बंद. जेवून वीस मिनिटं गच्चीत चालले की दहा-पंधरा आकडे उतरायचे. सकाळची उपाशीपोटीची मात्र काही केल्या ऐकेना, म्हणून सहाव्या महिन्यात रात्रीचं इन्सुलिन सुरू झालं. मांडीत टोचायचं, सुई केसाएवढी असते. लेक झाला ३ किलो १००, नॉर्मल. या वेळी तासाभरात अंगावर होता.

सासूबाईंचं सांगते. माझ्या सासूबाईंना मी एकदा आकडा दाखवला. पुरणपोळीआधी आणि पुरणपोळीनंतर. त्यांनीच दुसऱ्या दिवशी ज्वारी दळून आणली.

निवृत्त सिस्टर (परभणी)

बाळ, मी ग्रामीण रुग्णालयात २९ वर्षं काढली. अबोलीने शुगरचं सगळं लिहिलं. बीपीकडेही लक्ष ठेव, पीसीओएसच्या बायकांत ते वाढण्याची भीती जास्त. प्रत्येक भेटीत पट्टा बांधून घेतल्याशिवाय उठायचं नाही, आकडा स्वतःच्या कार्डावर लिहून घ्यायचा. १४०/९० किंवा वर आला, डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे, बरगडीखाली दुखणं, तोंडावर एकाएकी सूज, तर सकाळची वाट बघायची नाही. पहिलं बाळंतपण आणि वजन दोन्ही बघून तुझ्या डॉक्टर बाराव्या आठवड्यापासून कमी मात्रेतली ॲस्पिरिन देतील कदाचित, तेवढं विचारून घे.

तपासणीचं ग्लुकोजचं पाणी सावकाश पण पाच मिनिटांत संपव. मळमळलं तर आम्ही त्यात लिंबू पिळायचो. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर ती तपासणी धरायची नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा करायची.

पंचगंगा_९३ (इचलकरंजी)

उत्तराला दोन आठवडे लागले, घरात पाहुणे होते. सगळ्यांचे फार फार आभार.

औषधपेटी दादा, तुमचा प्रतिसाद ह्यांना वाचून दाखवला. दोनदा. त्वचेची कुठलीच गोळी नाही, फक्त मलम होतं, तेही मॅडमनी बंद केलं. त्या रात्री मी झोपले.

अबोलीताई, मॅडमसमोर बसले आणि म्हटलं, कोल्हापूरला फोन लावता का? त्यांनी लगेच लावला. सात-आठ मिनिटं बोलल्या. बारा आठवड्यांपर्यंत मेटफॉर्मिन चालू, मग बंद, असं दोघांच्या मताने ठरलं आणि फाइलवर लिहिलं. शुगरची तपासणी मी स्वतः मागितली. मॅडम म्हणाल्या, सहाव्या महिन्यात करणारच होते, पण तुम्ही म्हणता ते बरोबर, आत्ताच करू.

गौरी जेवल्या त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी गेले. तांब्याभर वाटावं इतकं ते गोड पाणी, वर लिंबू. विसाव्या मिनिटाला तोंडाला पाणी सुटलं, बाकावर डोळे मिटून बसले आणि सिस्टर, तुमचा अर्धा तास मोजत राहिले. उलटी झाली नाही. आकडा १३२.

मॅडम म्हणाल्या, यावर निर्धास्त व्हायचं नाही, मेटफॉर्मिन चालू असताना आलेला आकडा आहे. गोळी बंद झाल्यावर घरी आठवड्यातून दोन दिवस बघायचं आणि चोविसाव्या आठवड्यात पुन्हा पूर्ण तपासणी. तो मार्गशीर्षात येतो. बीपी ११८/७६, कार्डावर माझ्या हाताने लिहिलं.

आईंना मी काही सांगितलंच नाही. त्या दवाखान्यात सोबत होत्या, सगळं ऐकत होत्या. घरी आल्यावर नैवेद्याचे मोदक सगळ्यांना वाढले, माझ्या पानात एकच ठेवला आणि शेजारी मोठी वाटी भरून मटकीची उसळ.

ग्लुकोमीटरच्या पट्ट्या कुठे स्वस्त मिळतात, कुणाला माहीत असेल तर लिहा. वही आणलीय.