मदत हवी आहे: आयरिश स्टडीजमधली पोस्टडॉक फेलोशिप, विषय 'केसरी' आणि आयर्लंड

मंडळी, आयर्लंडमध्ये आर्ट्सच्या विषयात पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) केलेलं किंवा करत असलेलं इथे कोणी आहे का? आयटी आणि फार्मावाले ढिगाने भेटतात, इतिहासवालं कोणीच सापडेना म्हणून शेवटी धागा काढतेय.

गेल्या वर्षी माझी पीएचडी झाली, पुण्यातच, इतिहासात. आता रिसर्च आयर्लंड या तिथल्या सरकारी संशोधन-निधी संस्थेच्या 'गव्हर्नमेंट ऑफ आयर्लंड' पोस्टडॉकला अर्ज करायचाय (पूर्वीची आयरिश रिसर्च कौन्सिलवाली हीच, २०२४ च्या ऑगस्टमध्ये कौन्सिल आणि सायन्स फाउंडेशन एकत्र केले, त्यामुळे गूगलवर जुनी पानं आधी येतात आणि डोकं फिरतं). मारी क्युरी (युरोपियन युनियनची फेलोशिप) पण डोक्यात आहे.

विषय असा की होमरूलच्या (साम्राज्यात राहून स्वराज्य मागण्याच्या) काळात केसरीवाल्यांनी आयर्लंडकडे कसं पाहिलं. म्हणजे टिळक मंडालेत आणि इकडे त्यांचे सहकारी न. चिं. केळकर १९०९ मध्ये चक्क आयर्लंडचा इतिहास मराठीत लिहून काढतात, तेही राजद्रोहाचे खटले चालू असताना, मग १९१६ च्या एप्रिलमध्ये डब्लिनला ब्रिटिशांविरुद्ध ईस्टरचा उठाव चालू आहे आणि त्याच आठवड्यात बेळगावला टिळकांची होमरूल लीग निघते! नाव आयर्लंडकडून घेतलेलं, पण तिकडचे उठाववाले तोवर होमरूलच्या पुढे, पूर्ण स्वातंत्र्याच्या मागणीपर्यंत गेलेले. मला यातच रस आहे.

अडचण अशी की माझी निम्म्याहून जास्त साधनं मराठी. एका प्राध्यापकांना मेंटॉर व्हाल का म्हणून मेल केली तर उत्तर आलं की विषय छान आहे पण हा भारताचा इतिहास झाला, साउथ एशियावाल्यांकडे जा. साउथ एशियावाले म्हणणार आयर्लंडवाल्यांकडे जा, ते मी ऐकून आहे. तर हे आयरिश स्टडीजच आहे हे पॅनेलला पटवायचं कसं? आणि मेंटॉर आधी पक्का करायचा की प्रपोजल आधी पूर्ण लिहायचं?

दुसरं व्हिसाचं. नवरा आणि मुलगी सोबत येणार. शिवाय इंडिया ऑफिसचे कागद लंडनला ब्रिटिश लायब्ररीत, काही बेलफास्टला, तर डब्लिनहून जाऊन येऊन जमतं का?

जाणकारांनी प्लीज सांगा. अनुभव नसला तरी ओळखीतलं कोणी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

प्रतिसाद:
ताई, मी गॉलवेला होतो, विषय वेगळा (साहित्य) पण फेलोशिप हीच. मेंटॉर आधी. त्यांना स्वतःचा फॉर्म भरावा लागतो, त्यामुळे ऐनवेळी पकडलेला माणूस दोन ओळी खरडून देतो आणि ते पॅनेलला कळतं. मेल एका पानाची पाठवा, थीसिस जोडू नका, कोणी उघडत नाही.

पटवायचं म्हणाल तर प्रश्न उलटा करा. केसरीने आयर्लंडबद्दल काय लिहिलं हे झालंच, पण डब्लिनच्या 'फ्रीमन्स जर्नल' या दैनिकाने टिळकांच्या खटल्यांवर काय छापलं? छापलंच नसेल तर का नाही? आल्फ्रेड वेब हा आयरिश खासदार १८९४ च्या मद्रास काँग्रेसचा अध्यक्ष होता, तो तिकडून धागा पकडायला बरा. ब्युरो ऑफ मिलिटरी हिस्टरीने घेतलेल्या, आयरिश स्वातंत्र्यलढ्यातल्या लोकांच्या १,७७३ साक्षी ऑनलाइन फुकट आहेत, त्यात 'इंडिया' शोधून बघा, पुण्यात बसून होईल. आयर्लंडबद्दल नवीन काय कळणार हे पहिल्या परिच्छेदात आलं पाहिजे, बेळगाव दुसऱ्या परिच्छेदात.

व्हिसा: युनिव्हर्सिटी होस्टिंग अॅग्रीमेंट (परदेशी संशोधकाला घेण्याचा करार) देते, वेगळं वर्क परमिट लागत नाही, कुटुंबाला लगेच नेता येतं. पण बेलफास्ट म्हणजे यूके. रस्त्यात कोणी अडवत नाही म्हणून लोक तसेच जातात, तुम्ही जाऊ नका, यूकेचा व्हिसा काढा आणि तो खर्च बजेटमध्ये आधीच दाखवा.

धागाकर्ती:
खूप आभार! फ्रीमन्स जर्नलचं खरंच सुचलं नव्हतं. मारी क्युरीला गेल्या ३६ महिन्यांत १२ पेक्षा जास्त महिने त्या देशात राहिलेलं चालत नाही, ते माझ्या बाबतीत ठीकच आहे. मेलचा मसुदा केला की व्यनि करते, जरा नजर टाकाल का?