११ चाव्यांचं पितळी वाद्य: नोंदीत 'सॅक्सोफोन', पण पटत नाही

नोंदवही_पुणे३०
इथल्या एका छोट्या संग्रहात उभं पितळी वाद्य आहे, साडेतीनेक फूट उंच. जुन्या नोंदीत सॅक्सोफोन लिहिलंय, पण रीड (फुंकल्यावर थरथरणारी वेताची पट्टी) बसवायला जागाच नाही; वाटीसारखा माउथपीस आहे. दोन चाव्या चिकटल्यात, पॅडांच्या (चाव्यांखालच्या चामडी गाद्यांच्या) कडेने हिरवं धरलंय. पावसाळ्याआधी ब्रासोने चकचकीत करून घ्या म्हणतात. करावं का?

बँडमास्तर_कॅम्प
हे ऑफिक्लाइड, चाव्यांचं जुनं पितळी फुंकवाद्य. पॅरिसच्या हलारी या वाद्य बनवणाऱ्याने १८१७ मध्ये बनवलं, १८२१ मध्ये पेटंट घेतलं. सॅक्सोफोनचं पेटंट १८४६ चं. खात्री करायची तर भोंग्याजवळची सगळ्यात मोठी चावी बघा: ती एरवी उघडी असते, दाबली की सूर अर्ध्या स्वराने उतरतो. बाकी साऱ्या बंद, उघडल्या की सूर चढतो. नळीच्या वळणावळणाने दोरी धरून लांबी मोजा. आठ फुटांच्या आसपास भरली तर वाद्य सी सुरातलं, नऊच्या आसपास तर बी फ्लॅटमधलं.

धातू_जतन
ब्रासो अजिबात नको. भोंग्यावरचं कोरीव नाव झिजतं आणि पांढरा चोथा सांध्यांत बसतो तो बसतोच. शिवाय त्यात अमोनिया असतो. ठोकून घडवलेल्या पितळेत ताण राहिलेला असतो. अमोनिया आणि दमट हवा मिळाली की ते तडकतं. ब्रिटिश फौजेची काडतुसं आपल्याच पावसाळ्यात अशी तडकायची, कारण तबेल्यातलं घोड्यांचं मूत.

हिरवं भिंगातून बघा. मेणचट असेल तर चामड्यातल्या चरबीचं किंवा जुन्या तेलाचं आहे. कापसाच्या बोळ्यावर थोडं व्हाइट स्पिरिट (रंग पातळ करायचं द्रावक) घेऊन पुसा, पॅडला लागू न देता. फिकट, भुकटीसारखं आणि पुसूनही परत येत असेल तर क्लोराइडचा, म्हणजे क्षारांमुळे धातू पोखरत जाणाऱ्या गंजाचा, संशय धरा. वाद्य वेगळं ठेवा, जाणकाराला दाखवा.

चिकटलेली चावी ओढू नका, चामडं फाटेल. पातळ पॉलिएस्टर फिल्म कडेकडेने सरकवत सोडवा. सुटूनही परत बसत नसेल तर खालची पोलादी पट्टीची स्प्रिंग गंजलीय, जोर लावाल तर मोडेल. लोकर भरलेले जुने पॅड बदलू नका, तोच पुरावा आहे.

नोंदवही_पुणे३०
उद्घाटनाला एकदा वाजवून घेतलं तर?

बँडमास्तर_कॅम्प
सुकलेल्या पॅडांतून हवा निसटणार, धड सूर लागायचा नाही. आणि श्वासाची ओल आत राहील ती वेगळीच.

धातू_जतन
त्यापेक्षा काचपेटीत आर्द्रता ४५ ते ५० टक्के ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये सिलिका जेल दर आठवड्याला बघा, रंग बदलला की वाळवा. पेटीला आतून कच्चं प्लायवूड नको, त्याची आम्लाची वाफ पितळेला बाधते. हाताळताना नायट्राइलचे हातमोजे घाला, आणि उचलताना चाव्यांना धरू नका.