ओपन सोर्सचं धोरण 2015 चं, मग टेंडरमध्ये अजून ब्रँडचंच नाव का?

खोडरबर: केंद्राचं 2015 चं धोरण म्हणतं की टेंडरमध्ये ओपन सोर्सचा (म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरचा) विचार सक्तीचा, नको असेल तर पुरवठादाराने कारण द्यायचं. आता एवढी पळवाट ठेवल्यावर कोण डोकं लावेल? मागचंच टेंडर कॉपी-पेस्ट करतात नि 'सध्याच्या सिस्टिमशी जुळायला हवं' असं एका ओळीत ठोकून देतात. आमच्याकडच्या एका ऑफिसात जुन्या मराठी फॉन्टमधल्या फायली आहेत, फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडल्या की नुसता अगम्य चिन्हांचा कचरा. कागद जनतेचे आणि किल्ली कंपनीकडे!

पाटीलबुवा: फॉन्ट युनिकोड (सगळ्या मशीनवर चालणारा अक्षरांचा प्रमाण कोड) नव्हता यात ओपन सोर्सचा काय संबंध? तो स्टँडर्डचा प्रश्न, त्याचं धोरण 2010 लाच आलंय. आणि लायसन फुकट म्हणजे सपोर्ट फुकट नव्हे. जर्मनीतल्या म्युनिक पालिकेने 2003 ला लिनक्स या ओपन सोर्स सिस्टिमवर जायचं ठरवलं, 2017 ला परत विंडोजकडे वळायचा ठराव केला. तालुक्याला प्रिंटर अडला तर फोन कोणाला लावायचा ते सांगा आधी.

खोडरबर: केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं लिनक्सवर आहेत. त्यांनी मास्तरांना ट्रेनिंग दिलं, आपल्याकडे नुसता जीआर निघतो.

नीलिमा: खरी गोम सॉफ्टवेअरच्या पेटंटमध्ये आहे. पेटंट कायद्याचं कलम 3(के) नुसत्या प्रोग्रॅमला पेटंट देत नाही. डिसेंबर 2004 च्या वटहुकमात हार्डवेअरसोबत असेल तर चालेल अशी सूट घातलेली, 2005 च्या कायद्यात ती आलीच नाही. मग पेटंट ऑफिसने फेब्रुवारी 2016 ला नवीन हार्डवेअरची अट टाकली आणि जून 2017 ला काढूनही टाकली. संसदेने नाकारलेलं मागच्या दाराने आत येतंय, दुसरं काय!

स्टार्टअपवाला: येऊ दे की! आम्ही पाच जणांनी दोन वर्षं घासून अल्गोरिदम बनवला, कॉपीराइट फक्त कोडला, उद्या मोठ्या कंपनीने तोच दुसऱ्या लँग्वेजमध्ये लिहिला की आम्ही बसायचं टाळ्या वाजवत?

नीलिमा: आणि पेटंट असलं तरी त्या कंपनीशी कोर्टात किती वर्षं लढशील? उलट तिच्याच शंभर पेटंटांची नोटीस तुला येईल. एच.264 या व्हिडिओ फॉरमॅटचंच बघ, कोड कोणीही लिहू शकतो, पण अमेरिकेसारख्या देशात पेटंटच्या रॉयल्टीचा गुंता, म्हणून फायरफॉक्स या ओपन सोर्स ब्राउझरला सिस्को कंपनीने बनवलेली फाइल घ्यावी लागली जिची फी सिस्को भरते. सगळ्यांना असा सिस्को कुठून मिळणार?

स्टार्टअपवाला: बरं, मग माझ्यासाठी काय? 'फुकट वाटून टाक' हे उत्तर नकोय.

पाटीलबुवा: आणि माझा प्रिंटर राहिलाच.