विषाणू ‘आढळला नाही’, मग सीडी4 212च का?

रामबागची भाची
मामा 58 वर्षांचे. सव्वा वर्षापूर्वी टीबी निघाला, त्यातच एचआयव्ही कळला. सीडी4, म्हणजे रोगांशी लढाई चालवणाऱ्या रक्तातल्या पेशींचा आकडा, तेव्हा 86. कालच्या रिपोर्टात व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) ‘आढळला नाही’, पण सीडी4 212च. मामा पेढे घेऊन आले, “संपला विषाणू, गोळी बंद!” मामी अजून त्यांचं ताट वेगळं घासते. लोड नाही, तर पेशी का भरत नाहीत?

जुना पेशंट, इंदूर
आधी पेढे खा, पण गोळी बंद करू देऊ नका. हा विषाणू पेशीच्या डीएनएत जाऊन बसतो. अशा काही सीडी4 पेशी वर्षानुवर्षं झोपून असतात, तिथं गोळीचा हात पोचत नाही. गोळी थांबली की बहुतेकांचा लोड काही आठवड्यांत परत वर.

सीडी4 म्हणजे पंगतीतले ते काका, जे स्वतः वाढत नाहीत, नुसते “इकडे वरण, तिकडे भात” ओरडत फिरतात. काका गेले की वाढपी पातेली धरून उभेच. मग एरवी दबून असलेला टीबीही डोकं वर काढतो. निरोगी माणसात हा आकडा साधारण 500च्या वर असतो. 200च्या खाली गेला, किंवा काही ठरावीक आजार जडले, की एड्स म्हणतात. इतक्या खालून, या वयात, 212 म्हणजे छानच. भरायला वर्षं लागतात, काहींचं पूर्ण भरतही नाही.

मी 2006 पासून गोळ्या घेतोय. तेव्हा स्टॅव्ह्युडिन असायची. गाल बसले, तळपाय असे बधिर की राजवाड्यावर चप्पल निसटली ते घरी आल्यावर कळलं! आताची टीएलडी, तीन औषधांची एकच गोळी, त्यापुढे लाडकी लेक आहे.

ताटानं, पेल्यानं काही होत नाही. लोड असाच दबून राहिला तर शरीरसंबंधातूनही लागण होत नाही. पण हे मामीला तुम्ही नका सांगू, एआरटी सेंटरच्या (एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात त्या केंद्राच्या) समुपदेशक ताईंना सांगू दे.

औषधवाला
मामा सराफ्यात खाऊन आल्यावर अ‍ॅसिडिटीचं औषध पितात का? अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमवालं असेल तर टीएलडीतलं डोल्युटेग्रॅव्हिर नीट शोषलं जात नाही. गोळी त्याच्या 2 तास आधी, नाहीतर 6 तासांनंतर.

रामबागची भाची
अगंबाई! गुलाबी बाटली उशाशीच असते, गोळी दहाला आणि लगेच दोन घोट. आत्ताच उचलून फ्रिजवर ठेवली. मामा शोधतायत.