ब्लॅक कोहोश घेण्याआधी एवढं वाचा

ताई, मेनोपॉजमधल्या, म्हणजे पाळी जाण्याच्या काळातल्या हॉट फ्लशेससाठी (अंगातून अचानक उठणाऱ्या गरम वाफांसाठी) इंदूरच्या सियागंज बाजारातून शतावरीचं चूर्ण आणायचं आणि ऑनलाइन ब्लॅक कोहोश या परदेशी वनौषधीच्या गोळ्या मागवायच्या, असं तुम्ही म्हणताय. वर कुणी अश्वगंधाही सुचवलीय, 'झाडपाल्याने अपाय होत नाही' म्हणून. हे कृपा करून मानू नका. ब्लॅक कोहोश घेणाऱ्या काही जणींच्या यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी आहेत. क्वचित घडतं, पण डोळे पिवळे किंवा लघवी गडद दिसली तर गोळी लगेच बंद करून डॉक्टर गाठा. अश्वगंधेचंही तसंच, शिवाय तुमची थायरॉईडची गोळी चालू आहे आणि अश्वगंधेने थायरॉईडची पातळी वाढू शकते.

सोयातल्या आयसोफ्लेव्होन या इस्ट्रोजेनसारख्या घटकाने काहींचे हॉट फ्लशेस थोडे कमी होतात, एवढंच. उत्तर अमेरिकेतल्या मेनोपॉज सोसायटीने 2023 साली यासाठी वनौषधींची शिफारस केली नाही. सीबीटी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी समुपदेशनाची पद्धत) आणि काही बिगर-हार्मोन औषधं मात्र सुचवली. रात्रीची झोपच उडालीय ना तुमची? मग चूर्णावर महिने घालवू नका, स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा, हार्मोनचा पर्यायही विचारा. पाळी थांबून वर्ष झाल्यावर थेंबभरही रक्त दिसलं, तर मात्र त्याच आठवड्यात तपासून घ्या.