मदत हवी आहे : टेल्युरिअम आयोडीनपेक्षा जड का, हे मुलांना कसे समजवावे?

माध्यमिक वर्गाला आवर्तसारणी शिकवताना एका प्रश्नापाशी अडायला होते. मेंडेलीव्हने 1869 मध्ये मूलद्रव्ये अणुवस्तुमानाच्या चढत्या क्रमाने मांडली, तरीही जड टेल्युरिअम (127.6) त्याने आयोडीनच्या (126.9) आधी ठेवले, कारण आयोडीनचे गुणधर्म क्लोरीन व ब्रोमीनशी जुळतात. (टेल्युरिअमचे वस्तुमानच चुकीचे मोजले गेले असावे, असा त्याचा समज होता!) पुढे 1913 मध्ये हेन्री मोझ्ली या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाने क्ष-किरणांच्या प्रयोगांतून अणुअंकाचे (अणूतील प्रोटॉनच्या संख्येचे) महत्त्व दाखवले आणि टेल्युरिअम (52) नंतर आयोडीन (53) हा क्रम योग्य ठरला, इथवर मुलांना पटते. मात्र एक प्रोटॉन कमी असूनही टेल्युरिअम जड कसे, यावर ‘जड समस्थानिकांचे (त्याच मूलद्रव्याच्या जास्त न्यूट्रॉन असलेल्या अणूंचे) प्रमाण जास्त’ एवढे उत्तर त्यांना पुरत नाही. सरासरी अणुवस्तुमान काढण्याचे, फळ्यावर सहज सोडवता येईल असे एखादे उदाहरण कोणी सुचवू शकेल का?